लॅपटॉपला मोबाईलचं नेट: केबल, वायफाय, ब्लूटूथ आणि दुसऱ्या सिमचा घोळ

ज्यांना कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप देतेय. बोलताना होणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, सगळे काढले तर ते माझं बोलणं वाटणार नाही.

आजचा विषय तुम्हाला फार साधा वाटेल. मोबाईलचं नेट लॅपटॉपला कसं जोडायचं? "त्यात काय, हॉटस्पॉट चालू करायचा!" बरोबर आहे. मलाही अगदी तसंच वाटायचं. बीटेक झालंय, पाच-सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतेय, हॉटस्पॉटवर काय शिकायचं? मग मागच्या मे महिन्यात माझ्या मामेभावाची ऑनलाइन मुलाखत झाली, आणि माझा हा माज उतरला.

काय झालं ते आधी सांगते

मामाचं घर राजापूर तालुक्यात. जांभ्याच्या जाड भिंती, समोर पडवी, तिच्यापुढे खळं. मी सुट्टीला गेले होते. मामेभावाची पहिली नोकरी, पहिलीच मुलाखत, सकाळी अकराची वेळ. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. घरात ब्रॉडबँड नाही. असतं तरी राउटरला वीज लागतेच.

मग ठरलं की मामाचा फोन वापरायचा, कारण त्याच फोनमधल्या एका सिमला तिथे बरी रेंज मिळते. फोन पडवीच्या खिडकीत ठेवला, हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप माजघरात. सगळं झकास चाललं. अकरा मिनिटं. मग समोरच्या बाईंचा चेहरा गोठला, आवाज गेला, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र.

मामेभाऊ माझ्याकडे बघतोय, "ताई, काय झालं?" मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघतेय, वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या! धावत पडवीत गेले तर मामा खिडकीशी उभे राहून त्याच फोनवर बोलतायत. वाशीहून दलालाचा फोन होता, आंब्याच्या हिशोबाचा. "अगं, मी फोन जागचा हलवलासुद्धा नाही," मामा म्हणाले. आणि ते खरं होतं. शिवाय तो फोन आला होता दुसऱ्या सिमवर, नेट चालू होतं पहिल्या सिमवर. मग नेट का गेलं?

याचं उत्तर या भागात आहे. पण त्यासाठी आधी हॉटस्पॉट म्हणजे आत काय चालतं ते बघू.

फोन त्या वेळी राउटर झालेला असतो

तुम्ही हॉटस्पॉट चालू करता तेव्हा फोनमध्ये दोन वेगळे दुवे एकाच वेळी चालू असतात. एक दुवा फोन ते टॉवर. दुसरा दुवा लॅपटॉप ते फोन. मधे फोन बसलेला असतो, आणि तो घरातल्या राउटरचंच काम करत असतो.

म्हणजे नेमकं काय? लॅपटॉप जोडला गेला की फोन त्याला एक खासगी आयपी पत्ता देतो. आयफोनवर हा पत्ता १७२.२०.१० ने सुरू होतो. अँड्रॉइडवर बरीच वर्षं १९२.१६८.४३ ने सुरू व्हायचा, आता नव्या फोनवर बदलता असतो. हा पत्ता बाहेरच्या जगात चालत नाही. सोसायटीच्या आत फ्लॅट नंबर पुरतो, पण बाहेरून पत्र यायचं तर सोसायटीचा पत्ता लागतो, तसं. लॅपटॉपकडून निघालेलं प्रत्येक पॅकेट फोन स्वतःच्या पत्त्यावर टाकतो, बाहेर पाठवतो, आणि उत्तर आलं की ते कोणाचं होतं ते आठवून लॅपटॉपकडे देतो. या कामाला नॅट म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या लक्षात ठेवा.

पहिली: लॅपटॉपवर दिसणाऱ्या वायफायच्या कांड्या फक्त लॅपटॉप ते फोन या दुव्याच्या असतात. फोनला टॉवर मिळतोय की नाही याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्या दिवशी माझ्या कांड्या भरलेल्या होत्या कारण फोन आठ-दहा फुटांवर होता. पुढचा दुवा तुटला होता आणि लॅपटॉपला त्याची खबर नव्हती.

दुसरी: लॅपटॉपला सहसा हे कळत नाही की हे मोजून मिळणारं मोबाईलचं नेट आहे. त्याच्या दृष्टीने हे घरच्या वायफायसारखंच एक वायफाय. त्यामुळे तो निवांतपणे अपडेट डाउनलोड करायला लागतो. यावर पुढे येते.

जोडायचे तीन रस्ते

*वायफाय हॉटस्पॉट.* सगळ्यांना माहीत असलेला. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये "हॉटस्पॉट अँड टेदरिंग" शोधा, आयफोनवर "पर्सनल हॉटस्पॉट". नाव, पासवर्ड, झालं. मोठा फायदा हा की फोन एकीकडे आणि लॅपटॉप दुसरीकडे राहू शकतो. तोटा: बॅटरी भराभर उतरते आणि फोन तापतो, कारण दोन-दोन रेडिओ एकदम चालू असतात.

इथे एक अडचण नेहमी येते. हॉटस्पॉट चालू आहे, पण लॅपटॉपच्या यादीत नावच दिसत नाही. बहुतेक वेळा फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि लॅपटॉप जुना, फक्त २.४ वाला. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर यासाठी "मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी" नावाचं बटण आहे. २.४ चा वेग कमी, पण भिंतीतून जास्त चांगला जातो. जांभ्याच्या भिंती असतील तर २.४च बरा.

*यूएसबी टेदरिंग.* चार्जिंगची केबल फोनमधून लॅपटॉपला लावायची, मग त्याच सेटिंगमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करायचं. केबल लावल्याशिवाय ते बटण चालू होत नाही. हा रस्ता मला सगळ्यात आवडतो. वायफायचा गोंधळ नाही, शेजारच्या वीस राउटरची गर्दी नाही, पासवर्ड नाही, आणि फोन चार्जही होत राहतो. फक्त ते चार्जिंग लॅपटॉपच्या बॅटरीतून होतं, वीज गेलेली असेल तर हे ध्यानात ठेवा.

केबल लावूनही बटण फिकटच दिसतंय? पहिला संशय केबलवर घ्या. बाजारात बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. फोनसोबत आलेली केबल लावून बघा. दुसरं, अँड्रॉइड फोन विंडोज किंवा लिनक्सवर सहसा लगेच चालतो, पण मॅकवर बरेच अँड्रॉइड फोन यूएसबीने चालत नाहीत, तिथे वायफायच वापरा. आयफोन विंडोजला केबलने जोडायचा तर लॅपटॉपवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस हे ॲप लागतं, आणि फोनवर "ट्रस्ट" म्हणायला विसरू नका.

*ब्लूटूथ टेदरिंग.* हा रस्ता लोक विसरलेत. वेग फार कमी, फार तर एक-दोन एमबीपीएस. पण बॅटरी वायफायपेक्षा कमी खातो. मेल बघायचीत, एक फॉर्म भरायचाय, फोनमध्ये वीस टक्के उरलेत आणि चार्जर नाही, अशा वेळी कामाला येतो. व्हिडिओ कॉलसाठी विचारही करू नका.

माझ्या मोठ्या चुलत दादाने २००९-१० च्या सुमारास नोकियाचा फोन पीसी सूट वापरून कॉम्प्युटरला जोडला होता. डायल करायचा नंबर होता *९९#. एक पान उघडायला चहा पिऊन व्हायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि मग आपण हे सगळं गृहीत धरायला लागलो. पण फोन मधे बसून राउटर होतो ही मूळ कल्पना तशीच आहे.

मग कोणता रस्ता निवडायचा?

फोनला रेंज कुठे मिळते ते आधी बघा. बाकी सगळं नंतर.

टेबलावर लॅपटॉपशेजारी चांगली रेंज असेल तर यूएसबी. रेंज फक्त खिडकीत, गच्चीवर किंवा पडवीत असेल तर फोन तिथे ठेवा आणि वायफायने नेट आत आणा. लोक काय करतात, फोन लॅपटॉपला चिकटून ठेवतात, कारण त्यांना वाटतं "जवळ म्हणजे चांगलं". फोन ते लॅपटॉप हा दुवा सहसा मजबूतच असतो. अडतं ते फोन ते टॉवर इथे. म्हणून फोनला टॉवर दिसेल असं ठेवा, लॅपटॉपला फोन दिसेल असं नाही.

रेंज मोजायची असेल तर अँड्रॉइडच्या "अबाउट फोन"मध्ये सिमच्या माहितीत सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. ४जी वर उणे ८५-९० च्या आसपास असेल तर मस्त. उणे ११० च्या खाली गेला तर व्हिडिओचा नाद सोडा. फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि जागा ठरवा. आम्ही हे केलं तेव्हा माजघरात आणि पडवीत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. जांभ्याच्या भिंती उन्हाळ्यात थंड ठेवतात, पण सिग्नलही अडवतात.

आता दलालाचा फोन

त्या संध्याकाळी वीज आल्यावर मी प्रयोग केला. लॅपटॉपवर पिंग लावलं, म्हणजे दर सेकंदाला "आहेस का?" असं बाहेरच्या सर्व्हरला विचारत राहायचं. उत्तरं व्यवस्थित येत होती. मग माझ्या फोनवरून मामाच्या दुसऱ्या सिमला रिंग दिली. रिंग वाजायला लागली आणि इकडे पिंगची उत्तरं बंद. फोन कट केला, काही सेकंदांत पुन्हा सुरू. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

कारण असं. आपल्याकडच्या बहुतेक दोन सिमवाल्या फोनमध्ये सिम दोन असतात, पण नेटवर्कशी बोलणारा रेडिओ वाटून घेतलेला असतो. दोन्ही सिम "हजर" असतात, पण एका वेळी एकालाच बोलता येतं. दोन भाऊ आणि एकच स्कूटर. दुसऱ्या सिमवर कॉल आला की रेडिओ तिकडे जातो, आणि पहिल्या सिमचा डेटा कॉल संपेपर्यंत थांबतो. तुम्ही एकटे फोन वापरत असता तेव्हा हे जाणवत नाही, कारण तुम्ही त्या वेळी बोलत असता. हॉटस्पॉटवर दुसरं कोणी काम करत असेल तर मात्र त्याच्या पायाखालची जमीन जाते. काही महागड्या नव्या फोनमध्ये दोन्ही सिम एकदम चालतात, पण तुमचा फोन तसा आहे हे गृहीत धरू नका. माझ्यासारखा रिंग देऊन प्रयोग करा, दोन मिनिटं लागतात.

आणि फोन सायलेंटवर ठेवून किंवा "डू नॉट डिस्टर्ब" लावून हे टळत नाही. त्याने फक्त आवाज बंद होतो. कॉल फोनपर्यंत येतोच, रेडिओ पळतोच.

उपाय दोन. एक, महत्त्वाच्या तासाभरापुरतं दुसरं सिम सेटिंग्जमधून बंद करा. सिम काढायची गरज नाही, सिमच्या पानावर बंद-चालूचं बटण असतं. दोन, त्या सिमचे सगळे कॉल तेवढ्या वेळापुरते दुसऱ्या नंबरवर वळवा, म्हणजे दलालही नाराज नाही. नंतर परत वळवायला विसरू नका. मामांनी दुसरा उपाय निवडला, अर्थात.

आणि ज्या सिमवर नेट चालू आहे त्याच सिमवर कॉल आला तर? व्होल्टे चालू असेल तर कॉल आणि डेटा दोन्ही ४जी वरच चालतात, नेट टिकतं. व्होल्टे बंद असेल तर फोन कॉलसाठी खाली २जी-३जी वर उतरतो आणि नेट एकतर थांबतं नाहीतर रांगतं. सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे ना, एकदा बघून घ्या.

दीड जीबी कुठे जातं?

रोजचा दीड जीबीचा पॅक फोनवर सहज पुरतो. लॅपटॉपवर तो सकाळच्या चहाआधी संपू शकतो. एक तासाचा व्हिडिओ कॉल साधारण अर्ध्या जीबीपासून दीड जीबीपर्यंत खातो, चित्र किती स्पष्ट आहे आणि माणसं किती आहेत त्यावर. त्यात विंडोजने अपडेट ओढायला घेतलं, क्लाउडवर फोटो चढायला लागले, की संपलं.

पॅक संपल्यावर बऱ्याच योजनांमध्ये वेग ६४ केबीपीएस होतो. गणित करू. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीला दोन मिनिटं. तुमचा दोन एमबीचा बायोडेटा अपलोड व्हायला चार मिनिटांच्या वर. नुसत्या आवाजाच्या कॉललाही साधारण तेवढाच वेग लागतो, त्यामुळे तोही तुटक येतो. म्हणून "नेट चालू आहे पण काहीच होत नाही" असं झालं की आधी पॅक तपासा.

उपाय: लॅपटॉपला सांगा की हे मोजून मिळणारं नेट आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमच्या हॉटस्पॉटच्या नावाची प्रॉपर्टीज, आणि तिथे "मीटर्ड कनेक्शन" चालू. यामुळे बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही थांबतो. मॅकवर त्या वायफायच्या तपशिलात "लो डेटा मोड" असतो. हे त्या-त्या जोडणीपुरतं लक्षात राहतं, म्हणजे एकदाच करायचं. पण वायफायसाठी केलेलं यूएसबीला लागू होत नाही, तिथे वेगळं करावं लागतं.

परदेशात ऐकणाऱ्यांसाठी एक: अमेरिकेत बऱ्याच प्लॅनमध्ये फोनचा डेटा अमर्याद असतो पण हॉटस्पॉटचा कोटा वेगळा असतो. सवयीने वापरू नका, प्लॅन वाचा.

पासवर्डबद्दल दोन शब्द

हॉटस्पॉट उघडा ठेवू नका. "स्टेशनवर पाच मिनिटं तर वापरतोय" असं म्हणूनसुद्धा नाही. डेटा जातो ते सोडा. तुमच्या जोडणीवरून कोणी उद्योग केले तर पहिली विचारणा ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याकडे येणार. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, पासवर्ड मोबाईल नंबर नको, आणि हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचं पूर्ण नाव नको. किती उपकरणं जोडली आहेत ते बऱ्याच फोनवर त्याच पानावर दिसतं, अधूनमधून बघा. काम झालं की बंद करा.

महत्त्वाच्या कामाच्या आधीची यादी

मुलाखत, परीक्षा, फॉर्मची शेवटची तारीख. यातलं काहीही असेल तर आदल्या दिवशी एवढं करा:

१. घरात फिरून रेंजची जागा ठरवा. त्याच वेळेला, म्हणजे सकाळचं काम असेल तर सकाळी तपासा.
२. दुसऱ्या सिमला रिंग देऊन नेट टिकतं का बघा. नाही टिकलं तर ते सिम बंद किंवा कॉल वळवा.
३. लॅपटॉपवर मीटर्ड कनेक्शन चालू करा.
४. फोनमध्ये "डेटा सेव्हर" आणि "बॅटरी सेव्हर" बंद करा, ते कधीकधी हॉटस्पॉटच बंद पाडतात. "कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद" हेही बंद.
५. फोन उन्हात नको. तापला की वेग कमी होतो.
६. पॉवर बँक भरलेली. लॅपटॉप भरलेला.
७. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन शेजारी तयार, त्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपमध्ये आधीच जोडून ठेवलेला. पहिला गेला तर दुसरा निवडायला दहा सेकंद लागले पाहिजेत, पासवर्ड शोधत बसायला नको.
८. समोरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहिलेला. नेट गेलं तर लगेच फोन करून सांगता आलं पाहिजे.

आठवा मुद्दा आम्हाला त्या दिवशी वाचवून गेला. नंबर मेलमध्ये होता आणि मेल आधीच उघडी होती, म्हणून. मामेभावाने फोन केला, झालं ते सांगितलं, त्या बाईंनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. सगळेच देत नाहीत. तो नशिबाचा भाग होता.

दुसऱ्या दिवशी वरची यादी तंतोतंत केली. दुसऱ्या सिमचे कॉल मामींच्या फोनवर वळवले, मामा खळ्यात बसून मामींच्या फोनवर दलालाशी भांडले, आणि पंचेचाळीस मिनिटं नेट एकदाही गेलं नाही.

नोकरी मिळाली का? नाही मिळाली. डेटाबेसवरच्या दोन प्रश्नांना तो अडखळला. संध्याकाळी पडवीत बसून मला म्हणाला, "ताई, बरं वाटतंय. काय चुकलं ते तरी कळलं." मला ते पटलं. आदल्या दिवशी तो हरला असता तर दलालाच्या फोनमुळे हरला असता, आणि स्वतःला काय येतं, काय येत नाही हे त्याला कळलंच नसतं. आता तो डेटाबेसचं पुस्तक घेऊन बसलाय. पुढच्या वेळी जे काही होईल ते त्याचं स्वतःचं असेल. हॉटस्पॉट नीट लावायचा तो एवढ्यासाठी.

तर मंडळी, आज घरी कोणाचा तरी दोन सिमवाला फोन घ्या, हॉटस्पॉट लावा, आणि दुसऱ्या सिमला रिंग देऊन बघा. काय होतं ते मला नक्की कळवा, फोनचं मॉडेलही सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर, पॉवर बँक भरून ठेवा, पाऊस जवळ आलाय.